भागोजीतात्या आणि टाकीचं झाकण

भागोजीतात्या आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा मी 'या, बसा' म्हणायच्या आत ते सरळ आमच्या संडासात शिरले. दार उघडंच ठेवलं. आतून फ्लशच्या टाकीचं झाकण सरकवल्याचा आवाज आला आणि मग दोन मिनिटं काहीच नाही. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. नवरा महाडला कारखान्यात गेलेला. परक्या गावातला आमचा दुसराच दिवस, आणि सत्तरीचे एक अनोळखी गृहस्थ आपल्या संडासात! माझी बोबडीच वळली.

ते हात पुसत बाहेर आले. "मॅडम, टाकीत पानी दीड इंच कमी हाय," म्हणाले. "आता च्या ठेवा."

मी महाडची. उमरठच्या अलीकडच्या एका वाडीत शाळेवर शिक्षिका म्हणून बदली झाली आणि एका मुंबईकराच्या बंद घरात आम्ही भाड्याने राहायला आलो. तात्या आमचे शेजारी. मुंबईत एका मोठ्या हॉटेलात नळ-पाइपांच्या कामावर त्यांनी तीस वर्षं काढली आणि मग गावी येऊन एकटे राहू लागले. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला. वर्षातून दहा-बारा दिवस येतात, पण प्रत्येकाने घराला कमोड बसवलाय, गिझर लावलाय, धुण्याचं मशीन आणून ठेवलंय. सगळ्या बंद घरांच्या किल्ल्या तात्यांच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या. दर शनिवारी तात्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघतात आणि एकेका घरात जाऊन फ्लश ओढून येतात. कमोडच्या भांड्यातलं पाणी आटलं की खालची घाण हवा घरात भरते म्हणे. आपण शनिवारी मारुतीला जातो, तात्या कमोडला जातात.

त्यांच्या खिशात तीन वस्तू कायम. स्टीलची सहा इंची पट्टी, बारकी विजेरी आणि एक जुना टूथब्रश. पट्टी पाण्याची पातळी मोजायला आणि ब्रश नळाच्या तोंडाची जाळी घासायला. तात्या दात कशाने घासतात हे विचारायचं धाडस मला तीन वर्षांत झालेलं नाही.

"पानी खोटं बोलत नाय, मॅडम. मानूस बोलतो." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेतल्या दुसऱ्या बाईंचं धुण्याचं मशीन मध्येच थांबायचं, त्यांनी मशीनला शिव्या घातल्या. तात्यांनी मागची नळी काढून जाळीत अडकलेला तांबड्या मातीचा गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. "मशीन बिचारं सांगतंय, पानी नाय मिलत. तुमी आयकता का?" बाई खजील. कुणाच्या गिझरला पाणी कमी आलं, तर तात्या आधी छपरावर चढून टाकी बघतात. टाकी पुरेशी उंचावर नसली, की पाण्याला जोर यावा म्हणून घरमालकाला खांदा द्यायला लावून ती विटांवर चढवतात. त्याने कंबर धरली की वरून आवाज येतो, "टेन्शन नाय लेनेका!"

एकदा आम्ही पाचाडला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. वरण-भात वाढून झाला आणि तात्यांचा मोबाईल वाजला. फोन नालासोपाऱ्याहून, वाडीतल्याच कुणाचा तरी. तात्यांना फोनवर ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर चालू.

"झाकन काडलंस? पान्यावरचा गोला वर हाय का खाली? खाली? मग पानी किती उतरतंय? आनि जातं का सगलं, का तरंगतं?"

पलीकडच्या माणसाने सविस्तर उत्तर दिलं. अख्ख्या पंगतीने ते ऐकलं. नवरीच्या मामांनी हातातला घास पानात ठेवला. जिलबी वाढणारी बाई होती तिथेच थबकली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. तात्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा भात मागितला.

पण खरा हाहाकार झाला तो माझ्या सासूबाई राहायला आल्या तेव्हा. आमच्या टाकीतलं पाणी आपोआप कमी व्हायचं. तळाचा रबर गळतो की काय हे बघायला तात्यांनी सकाळी येऊन टाकीत शिमग्याचा उरलेला लाल रंग टाकला. रबर गळत असेल तर रंग खाली भांड्यात उतरतो, अशी त्यांची परीक्षा. ती करायला हरकत नव्हती. फक्त ती कुणालाही न सांगता तात्या पोलादपूरच्या बाजाराला निघून गेले.

दुपारी शाळेत शेजारची अनुसयाकाकी धापा टाकत आली. "मॅडम, चला गो लवकर! तुमच्या सासूबाय आडव्या झाल्यात नि दागिने वाटतायत!"

मी धावतच घरी. सासूबाई चटईवर डोळे मिटून पडलेल्या. "सगळं रक्तच गेलं गं माझं," म्हणाल्या. "पाटल्या तुला. कुणाला सांगू नकोस." मला रडू कोसळलं. महाडच्या दवाखान्यात न्यायला जीप दारात आली. सासूबाईंना दोघांनी धरून उभं केलं, तेवढ्यात पिशवी सावरत तात्या आले आणि नेहमीप्रमाणे कुणाकडे न बघता आत शिरले. आतून आनंदाची आरोळी आली.

"बगा! बोललो नव्हतो? रबर गलतोय! लालभडक झालंय सगलं!"

सासूबाईंनी डोळे उघडले. जीपवाला हसून हसून गाडीच्या टपावर आडवा झाला. सासूबाई त्याच संध्याकाळी महाडला परत गेल्या, चांगल्या ठणठणीत. पाटल्यांचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही, ही रुखरुख मला आजही आहे.

अशा माणसावर रागावणार तरी कसं? तरी मी रागावले. चैत्रात वाडीची विहीर खाली गेली, एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. मी शाळेत मुलांना पाणीबचत शिकवत होते. फ्लशच्या टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवली, की तेवढं पाणी प्रत्येक वेळी वाचतं. आधी केले मग सांगितले, म्हणून आमच्याही टाकीत मी दोन लिटरची बाटली ठेवली.

शनिवारी तात्या आले. झाकण सरकलं. आणि आतून जो आवाज आला, तो तात्यांचा आहे हे मला क्षणभर खरंच वाटेना.

"ह्ये कुनी टाकलं?"

बाटली पाण्यासकट उडत येऊन अंगणात फुटली. तात्या दारात उभे होते. मीही मग ऐकून घेतलं नाही. "तात्या, मी पाणी वाचवतेय, चोरत नाही. आणि घरात येताना निदान विचारत तरी जा!" तात्या किल्ल्यांचा जुडगा उचलून निघून गेले.

चार दिवस आमच्या टाकीचं झाकण कुणी उचललं नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. पाचव्या दिवशी तात्या आले आणि पायरीवर बसले. आत गेले नाहीत. मी खरी घाबरले ती तेव्हा.

"मॅडम, माझ्या टाकीत बाटली नव्हती," ते म्हणाले. "गोटा हुता. सावित्री नदीतला."

मग त्यांनी सांगितलं. मुलाचं, संजयचं, लग्न झालं त्या मे महिन्यात सून पहिल्यांदा गावी आली. सुप्रिया, मुंबईत वाढलेली. घरात सासू नाही, ती आधीच गेलेली. सुनेची अडचण नको म्हणून तात्यांनी स्वतः कमोड बसवला. आणि विहिरीने तळ गाठला. तात्या डोक्यावरून हंडे आणत होते. एवढं पाणी एका झटक्यात सोडायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी टाकीत मोठा गोटा टाकला.

"सकाली सून आत गेली. पानी पुरंना. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. मी भायेर उभा. तीस वर्सं ह्याच कामात काडली, तोंड गप बसंल? दारातनं वरडतोय, दांडी दाबून धर गो! गेलं का? का हाय अजून? सगली वाडी गोला झाली. बाया हसाया लागल्या."

"मग तुम्ही सांगायचं ना, की गोटा मी टाकलाय."

तात्या खाली बघत राहिले. "मी बोललो, मुंबयची सून, पन हिला फ्लश ओढता येत नाय. आनि मी पन हसलो."

मी सुन्न झाले. पंगतीत, सासूबाईंच्या वेळी, मला जे धक्के बसले होते ते सगळे पोरखेळ वाटले. पाणी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे तात्या तीन वर्षं कुणाबद्दल सांगत होते ते आता कळलं.

सुप्रिया त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीने गेली. त्याला सहा वर्षं झाली. नात पाच वर्षांची, तात्यांनी ती फक्त फोनवर बघितलेली. दर गणपतीला संजय एकटा येतो, दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून निघतो.

"तुमी बाईमानूस. तुमी सांगा तिला," तात्या म्हणाले. "गोटा माजा हुता."

"नंबर मी लावते," मी म्हटलं. "सांगायचं तुम्ही."

फोन लागला तसे तात्या उठून उभे राहिले, साहेबासमोर उभं राहावं तसे. स्पीकर चालूच होता.

"सूनबाय, मी बोलतोय. त्या टायमाला टाकीत गोटा मी टाकला हुता. तू बरोबर ओढत हुतीस. मी खोटं बोललो."

मला वाटलं, फोन कट झाला.

"तात्या," सुप्रियाचा आवाज आला, "मी अजूनही कुणाच्या घरी गेले ना, की बाथरूमला जात नाही. घरी येईपर्यंत थांबते."

तात्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते परसात निघून गेले.

गणपतीला तिघंही आली. आदल्या दिवशी तात्यांनी टाकी घासली, जाळी घासली, पट्टी लावून पाणी तीनदा मोजलं. सुप्रियाने सामान ठेवलं, पाय धुतले आणि ती संडासाकडे वळली. आणि एकाएकी तात्या घरातून बाहेर पडले. घरामागच्या शेताच्या बांधावर जाऊन घराकडे पाठ करून बसले. मी चहा घेऊन गेले, तर दोन्ही हात कानांवर गच्च.

"तात्या, अहो ती केव्हाच बाहेर आली," मी त्यांचा हात ओढून म्हटलं.

त्यांनी हात काढले. घरातून फ्लशचा आवाज आला, भरभरून. टाकी भरतेय न भरतेय तोच पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा. आणि प्रत्येक आवाजामागून एका लहान मुलीचं खिदळणं. नातीला खेळ सापडला होता. एक जास्तीचा फ्लश ओढला म्हणून वाडीत कुणाकुणाची खरडपट्टी काढणारे तात्या चहाला हात न लावता ऐकत होते.

"तात्या, वरची टाकी रिकामी होईल," मी म्हटलं.

"होऊ दे गो," तात्या म्हणाले. "भरायला मी हाय ना."