जांभळीखालचा तरसमामा

एका जंगलात एक उतार होता. वर टेकडीवर वाघमहाराजांचा दरबार, खाली पाणवठा. बरं का बाळांनो, उतार म्हटला की पाय आपोआप सुटतात. तुमचे सुटतात, माझे सुटतात. पण बिबटेरावाचे जरा जास्तच सुटायचे.

त्याला कुठं जायचं असायचं एवढ्या घाईनं? कुठंच नाही! पाणवठ्यावर जाऊन दिवसभर लोळायचं असायचं. पण लोळायलासुद्धा वाऱ्यासारखं जायचं, ही त्याची ऐट.

उताराच्या तळाशी, वळणावर, भुरी नावाच्या सशिणीचं बीळ होतं. एके सकाळी तिचं थोरलं पिलू वाट ओलांडत होतं. बिबटेराव आला आणि त्याला तुडवून गेला. खाल्लं असतं तर गोष्ट वेगळी, ती जंगलाची रीत आहे. पण यानं नुसतं तुडवलं, आणि मागं वळूनही पाहिलं नाही.

भुरी दरबारात जाऊन धाय मोकलून रडली. महाराजांनाही गहिवरून आलं. राजाला गहिवरून आलं की कायदा होतो. कायदा झाला : उतारावर सर्वांनी चालत जावं, जो धावेल त्यानं दुपारभर उन्हात कान धरून उभं राहावं. अमावस्येला सगळ्या गुन्हेगारांची रांग दरबारात दाखवावी. आणि पहाऱ्यावर नेमला तरस. त्याला सगळे मामा म्हणत. कुणाचा मामा, ते विचारू नका. रस्त्यावर उभा राहून जो अडवतो त्याला आपल्यात मामाच म्हणतात.

भुरीला वाटलं, मामा वळणावर बसेल. पिलू गेलं ते वळणावरच ना? पण वळणावर सावली नव्हती. मामा बसला उताराच्या मध्यावर, जांभळीखाली, करवंदीच्या जाळीआड. कायद्याची पाटीही त्यानं जाळीतच खोचली. का म्हणून काय विचारता? पाटी दिसली तर लोक हळू जातील ना!

पहिलाच आला बिबटेराव. मामा शिट्टी फुंकत आडवा आला.

"मामा, ओळखलं नाहीत वाटतं? महाराज माझे सख्खे चुलते."

मामाची शिट्टी घशात गेली. "अहो साहेब, मी आपली ख्यालीखुशाली विचारायला थांबवलं. तेवढं आमच्या बदलीचं चुलत्यांच्या कानावर घाला ना! पाणवठ्याकडे मिळाली तर बरं होईल."

त्यानंतर मामानं रानडुकराला धरलं. डुक्कर म्हणालं, "माझ्यापुढं बिबट्या गेला, त्याला का नाही धरलंत?" मामा म्हणाला, "त्याचं तो बघेल. तू तुझं बोल. कान धरतोस, की एखादं हाडूक देऊन मिटवतोस?" डुकरानं मिटवलं. मग मामानं कासवाला धरलं. कासव म्हणालं, "मी? आणि धावलो?" मामा म्हणाला, "धावला नाहीस, पण मनात होतं. मी चेहरा ओळखतो." म्हाताऱ्या कासवानं दुपारभर कान शोधले.

संध्याकाळी पाणवठ्यावर जो तो आपली बहादुरी सांगायचा. एक म्हणे, "मी मामाला असा गंडवला!" दुसरा म्हणे, "मी तर लंगडत गेलो, बायको आजारी आहे म्हटलं!" उतारावर जीव गेला होता, याची कुणाला शुद्धच नव्हती.

मग एका टिटवीनं समाजसेवा सुरू केली. मामा दिसला की ती ओरडायची, "मामा! मामा!" झालं! जांभळीपाशी सगळे मान खाली घालून असे चालायचे, जसे काही देवदर्शनाला निघालेत. जांभूळ मागं पडली की गेलेला वेळ भरून काढायला दुप्पट वेगानं सुटायचे. आणि हे सगळं वळणावर येऊन आदळायचं. कायद्याआधी वळणावर जेवढा धोका होता, त्याच्या दुप्पट झाला.

भुरीचं आता एकच पिलू उरलं होतं, ठिपक्या. ती मामाकडे गेली.

"मामा, तुम्ही वळणावर बसा हो. हात जोडते."

"तिथं ऊन फार लागतं, बाई. आणि तिथं गुन्हेगार फार जोरात असतात, हाती लागत नाहीत. इथं कसे, नुकते कुठं सुटत असतात."

भुरी परत आली. तिनं पुष्कळ विचार केला. मग ती स्वतःच वळणावर बसली आणि पावलं वाजली की टिटवीसारखी ओरडू लागली, "मामा! मामा!"

आणि काय सांगू! सगळे हळू झाले. मामा वरही आहे, खालीही आहे, कुठं असेल नेम नाही, असं म्हणत सगळे अख्खा उतार चालत उतरू लागले. बिबटेरावसुद्धा दबकत जायचा. भीतीनं नव्हे हो! मामा भेटला की बदलीचं गाऱ्हाणं ऐकावं लागेल, म्हणून. ठिपक्या वाटेवर बागडू लागला. कित्येक दिवसांनी भुरीला पोटभर झोप लागली.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती. पण अमावस्या आली.

दरबारात रांगच नव्हती. महाराज गरजले, "तरसा, गुन्हेगार कुठं आहेत?"

"महाराज, कुणी धावतच नाही."

"धावत नाही म्हणजे? गुन्हेगार नाहीत तर तू कशाला? आणि तू नकोस, तर उद्या लोक विचारतील, महाराज तरी कशाला!"

चौकशी झाली. टिटवीनंच नाव सांगितलं; तिच्या हाकेची नक्कल झाली, याचा तिला राग होता. भुरीला टेकडीवर आणलं.

"खोटी हाक मारलीस?"

"मारली, महाराज. पण त्या दिवसापासून कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही."

"ते काम सरकारचं आहे," महाराज म्हणाले. "तू त्यात अडथळा आणलास. जंगलात सर्वांना कळवा : वळणावर मामा नाही, कधीच नव्हता. आणि हिनं पुन्हा तोंड उघडायचं नाही."

बिबटेराव पहिल्या रांगेत बसला होता. त्यानं हे ऐकलं आणि हसून आळस दिला. दरबार उठला. आता ऊन तापलं होतं आणि त्याला पाणवठा आठवला होता.

भुरीनं त्याला उठताना पाहिलं. ठिपक्या एकटाच होता. वळणावर नक्की बागडत असणार. ती जी सुटली, ती अशी सुटली, की सशाच्या जातीत तसं कधी कुणी धावलं नसेल.

जांभळीपाशी शिट्टी वाजली.

"थांबा, थांबा! कुठं निघाली स्वारी?" दरबारातून आडवाटेनं आधीच पोचलेल्या मामाचं तोंड आनंदानं फुललं होतं. अमावस्या सरायला अजून अवकाश होता आणि गुन्हेगार आपण होऊन चालून आला होता.

"मामा, सोडा! माझं पिलू खाली आहे! बिबट्या निघालाय!"

"सगळे असंच काहीतरी सांगतात, बाई. पाटी वाचलीत का?"

"पाटी जाळीत आहे! अहो, तुमच्या पाया पडते!"

"जाळीत असली तरी पाटी ती पाटीच. अति घाई संकटात नेई, ठाऊक आहे ना? घरी आपली कुणीतरी वाट बघत असतं, याचा तरी विचार करावा माणसानं. धरा कान."

इतक्यात धुळीचा लोट आला. बिबटेराव बाजूनं निघून गेला. मामानं भुरीचा कान एका हातात धरून दुसऱ्या हातानं सलाम ठोकला. "सांभाळून जा, साहेब!"

खालून बारीक आवाज येत होता, "मामा! मामा!" आई नाही म्हणून ठिपक्याच हाक देत होता. पण हाक खोटी आहे, हे आता सगळ्या जंगलाला ठाऊक होतं. मग आवाज बंद झाला.

नाही, बाळांनो, मेला नाही तो. मागचा एक पाय गेला.

पुढच्या महिन्यात दरबारात सुरक्षित वाट सप्ताह साजरा झाला. आदर्श वाटसरू म्हणून ठिपक्याची निवड झाली, कारण त्यानं उतारावर एकदाही कायदा मोडला नव्हता. प्रमुख पाहुणे बिबटेराव. त्यांनी भाषण केलं, तरुणांनी याचा आदर्श घ्यावा म्हणाले, आणि ठिपक्याच्या कानामागं मोरपीस खोचून घाईघाईनं पाणवठ्याकडे गेले. मामानं सलाम केला. त्याची बदली झाली होती.

भुरी मागच्या रांगेत होती. तिला टाळ्या वाजवायला सांगितल्या, तिनं वाजवल्या. घरी जाताना ठिपक्यानं विचारलं, "आई, हे पीस मला कशाबद्दल मिळालं गं?"

"तू सावकाश चालतोस म्हणून," भुरी म्हणाली.

तात्पर्य : वेगाची मर्यादा सदैव पाळावी. कुणाचा जीव वाचवायला निघाला असाल तर सावकाश निघा. आणि घ्यायलाच निघाला असाल, तर आधी राजाचे पुतणे होऊन या.