गावंडे सरांची धाकटी

गावंडे सरांविषयी लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. कुणी विचारलंच, तर अळूवडीचा किस्सा सांगायचो आणि विषय बदलायचो.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात सर शरीररचना शिकवत. मी त्यांच्या हाताखाली नवखा शिक्षक. लग्नाच्या पंगतीत अळूवडी वाढली की सर तिची गुंडाळी बोटानं सोडवून शेजाऱ्याला दाखवत. "पाहा, मेंदूत आठवणींची जागा अशीच वळलेली असते. मेंढ्याच्या शिंगावानी. इजिप्तच्या अमोन देवाले तशी शिंगं होती, म्हणून हे अमोनचं शिंग." शेजारी आपली वडी पानाच्या कडेला सारायचा. सर तीही उचलून खात.

त्या शिंगाच्या लॅटिन नावाची आद्याक्षरं सी आणि ए, म्हणून त्याचे भाग सीए-एक, दोन, तीन असे मोजतात. दोन म्हणजे मधली चिंचोळी पट्टी. आमची पुस्तकं तिला दीड ओळीत उरकत. सर तिला 'धाकटी' म्हणत. तोंडी परीक्षेत पोरगं गांगरलं की विचारत, "बरं, धाकटी सांग."

"सर... लहान असते."

"लहान असते, पण असते ना? जा, पास!"

एका मे महिन्यात, सगळे सुट्टीवर असताना, सरांनी घाम गाळत त्या शिंगाचं हातभर प्लास्टरचं मॉडेल केलं. धाकटीला नारिंगी रंग दिला. तपासणीला बाहेरचे लोक यायचे होते. विभागप्रमुख मला म्हणाले, "एवढ्याशा पट्टीले वेगळा रंग काहून? आपल्या पुस्तकात तर नाही." मला बढती हवी होती. मी धाकटीवर शेजारच्या पट्टीचा हिरवा रंग फासला.

सरांनी मॉडेलवर धाकटीची जागा बोटानं चाचपली. "कोणं केलं गा हे?"

"रंगारी आला होता, सर."

"त्याले काय माहीत बिचाऱ्याले," सर म्हणाले.

कबूल करायचंच, असं ठरवून रविवारी त्यांच्या घरी गेलो. बाजेवर त्यांची थोरली बहीण बसली होती. तिला लहानपणापासून मिरगी, हे मला तिथंच कळलं.

सर म्हणाले, "झटक्यांनी शिंगातल्या पेशी मरत जातात, राऊत. धाकटी मात्र बरीचशी टिकते. ताई घर विसरली, आईचं नाव विसरली. मले अजून ओळखते. कशानं, ते कोणालेच माहीत नाही. मी आपला धाकटीचे उपकार मानतो." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "ताई, हा राऊत. माझ्या भरोशाचा माणूस."

ती हसली. सरकून तिनं मला बाजेवर जागा करून दिली.

"सर, तो रंग..." मी म्हणालो. पण सर चहा टाकायला आत गेले होते. कप घेऊन ते बाहेर आले, तेव्हा मी उन्हाविषयी बोलू लागलो.