भिंत एक वीत आत

व्हीलचेअर टॉयलेटच्या दारात अडली. पुढची दोन छोटी चाकं उंबरठ्याला टेकली, मागून इन्स्पेक्टरबाईंनी जरा जोर लावला, आणि खुर्चीत पेशंट म्हणून बसवलेला कॉन्ट्रॅक्टर पुढे झुकून दाराच्या कडीला जवळजवळ नमस्कार करून आला.

"उंबरठा आहे," बाई म्हणाल्या.

"दोन बोटांचा तर आहे," कॉन्ट्रॅक्टर खुर्चीतूनच म्हणाला.

"दोन बोटांचाच अडवतो. हातभर असता तर कुणी आत जायचा प्रयत्नच केला नसता."

डॉक्टर सिमेंटच्या पोत्याला टेकून उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली. दवाखान्याचं बांधकाम काढल्यापासून ते बहुतेक गोष्टींना नुसती मान हलवत. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. ज्यांनी म्हण केली त्यांनी दवाखाना बांधून पाहिला नव्हता, म्हणून ती म्हण लग्नावरच थांबली.

खरं तर प्लॅनमध्ये उंबरठा नव्हताच. तो गवंड्याचा. त्याने जन्मात उंबरठ्याशिवाय मोरी बांधली नव्हती. प्लॅनमध्ये तो दिसेना तेव्हा त्याला वाटलं, आर्किटेक्ट काढायचा विसरला, नवशिका असेल. म्हणून भल्या मनाने त्याने पदरचा दगड आणून बसवला आणि कुणाला बोललाही नाही. उपकाराचा बोभाटा कशाला करायचा?

"काढून टाका," बाई म्हणाल्या. "मग मी परत येते. बाकी सगळं छान आहे."

"होऊन जाईल," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. हे तो सगळ्यालाच म्हणायचा, म्हणून त्याला सगळे होईलशेठ म्हणत. तोंडावर म्हटलं तरी त्याला राग येत नसे.

बाकी सगळं खरोखरच छान होतं, आणि त्यातलं एक डॉक्टरांच्या दृष्टीने फारच छान होतं: मागची खोली. डॉक्टरांनी वीस वर्षं दुसऱ्यांच्या जागेत दवाखाना चालवला होता. आधी औषधाच्या दुकानामागे, खोकल्याच्या बाटल्यांच्या खोक्यांत. मग एका दातांच्या डॉक्टरबरोबर अर्ध्या खोलीत. मध्ये नुसती फळी. इकडून हे "मोठा श्वास घ्या" म्हणाले की पलीकडचा दातांचा पेशंटही घ्यायचा. शेवटी एका जिन्याखाली, जिथे उभं राहिलं की डोकं वरच्या पायरीला लागे. तिथून डॉक्टरांना किंचित वाकून चालायची सवय लागली, ती घरीही गेली नाही. आता हा तळमजल्यावरचा गाळा स्वतःचा. पुढे बसायची जागा, मध्ये टॉयलेट आणि मागे त्यांची खोली. त्या खोलीला दार होतं आणि बाजूच्या भिंतीत खिडकी होती. खिडकीतून मागच्या अंगणातलं एक झाड आणि कुणाची तरी वाळत घातलेली पांघरुणं दिसत. डॉक्टरांना जगाकडून आणखी काही नको होतं. टेबल, खुर्ची, दार लोटलं की शांतता आणि दोन पेशंटांच्या मधे क्षणभर ते झाड. बायकोने खिडकीचं माप घेऊन पडदासुद्धा शिवून ठेवला होता.

उंबरठा निघाला. संध्याकाळी बायकोने टॉयलेटमध्ये बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी क्षणभर विचारात पडलं, मग आरामात बाहेर येऊन पेशंटच्या बाकाखाली जाऊन बसलं.

"अहो, इकडे या जरा," तिने हाक मारली. "पेशंट यायच्या आधी पाणी आलंय."

गवंड्याने उंबरठ्याच्या भरवशावर फरशी सपाट बसवली होती. आता उतार द्यायचा म्हणजे फरशी उखडणं आलं. फरशी उखडताना घाव जरा खोल गेला आणि खालचा पाईप फुटला. फुटलेला पाईप दुरुस्त होईना, म्हणून नवा पाईप भिंतीच्या कडेने आणला, आणि तो उघडा दिसू नये म्हणून त्याला बाजूने विटांची पेटी केली. पेटी सुबक झाली. होईलशेठने तिच्यावर हात फिरवून "बघा, कुणाला कळणारसुद्धा नाही," असं सांगितलं.

इन्स्पेक्टरबाईंना कळलं. त्या पुन्हा आपली व्हीलचेअर ढकलत आल्या. होईलशेठ न सांगताच तिच्यात बसला. त्याला आता ती जागा आपलीच वाटू लागली होती. खुर्ची आत अलगद गेली. पाणी ओतलं, ते जाळीकडे गेलं. डॉक्टरांनी श्वास सोडला. मग बाईंनी खुर्ची आतल्या आत गोल फिरवायला घेतली, आणि होईलशेठचे गुडघे पेटीवर आपटले.

"खुर्ची आत पूर्ण फिरली पाहिजे," बाई म्हणाल्या. "एक वीत कमी पडतेय."

"पण मागच्या वेळी फिरली असती," डॉक्टर म्हणाले.

"मागच्या वेळी आत जात नव्हती."

बाईंनी टेप गुंडाळली आणि त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "माझं काही नाही हो डॉक्टर. नियमाचं आहे. मलाही पन्नास ठिकाणी फिरावं लागतं, टाच इतकी दुखते की सकाळी जमिनीवर टेकवत नाही."

डॉक्टरांनी त्यांना सिमेंटच्या पोत्यावर बसवलं, टाच दाबून पाहिली, चप्पल बदलायला सांगितली आणि एक व्यायाम दाखवला. बाईंनी मनापासून आभार मानले आणि रिपोर्टवर 'नापास' लिहिलं.

"भिंत एक वीत आत घेऊ," होईलशेठ म्हणाला.

"कुणाच्या आत?"

"तुमच्या."

दुसरीकडे कुठे घ्यायला वावच नव्हता. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत. पुढची जागा आखडता येईना, कारण बाकाशेजारी एक व्हीलचेअर उभी राहील एवढी मोकळीक सोडायची होती. डॉक्टरांना चिडताही येईना. त्यांचा एक पेशंट, निवृत्त कॅशियर, व्हीलचेअरवर होता. जिन्याखालच्या त्या दवाखान्याला पुढे चार पायऱ्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी त्याचं ब्लडप्रेशर कितीतरी वर्षं फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत मोजलं होतं. नियम बरोबर होता. इन्स्पेक्टरबाई बरोबर होत्या. गवंड्याचा हेतूही वाईट नव्हता. राग काढायला एक माणूस मिळेना, आणि असा न निघालेला राग माणसाला फार थकवतो.

भिंत एक वीत आत आली. पुढच्या खेपेला होईलशेठ खुर्चीत बसून गर्रकन फिरला, दोनदा फिरला, आणि खुशीत त्याने आतून दार लावून घेतलं.

"दार आत उघडतं का?" बाहेरून बाई म्हणाल्या.

"सगळीच उघडतात," बायको म्हणाली.

"आत कुणी दाराशी चक्कर येऊन पडलं तर बाहेरून उघडायचं कसं?"

हा प्रश्न डॉक्टरनेच विचारायला हवा होता, असं डॉक्टरांना वाटलं आणि ते आणखी थकले. दार बाहेर उघडणारं केलं. ते उघडलं की मागच्या खोलीकडे जाणारा मधला बोळ अडू लागला. होईलशेठने सरकतं दार सुचवलं. पण दाराला सरकायला जी भिंत हवी, तिच्यावर पाईपाची पेटी होती. शेवटी बोळ रुंद करायचं ठरलं.

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं, पण त्यांना माहीत होतं.

"आणखी एक वीत," होईलशेठ म्हणाला. "होऊन जाईल."

नाही म्हणता म्हणता भिंत सरकत गेली ती थेट खिडकीच्या मधोमध येऊन उभी राहिली. आता अर्धी खिडकी टॉयलेटमध्ये आणि अर्धी डॉक्टरांकडे. अर्धी खिडकी कुणालाच उघडता येईना.

"टॉयलेटला हवा लागतेच," बाई म्हणाल्या. "तुमच्या खोलीत पंखा चालेल."

"पण ती माझी खिडकी होती," डॉक्टर म्हणाले. संबंध बांधकामात त्यांनी आवाज चढवला तो एवढाच, आणि तोही फारसा चढला नाही.

खिडकी टॉयलेटला गेली. डॉक्टर त्या दिवशी घरी जेवले नाहीत. "नुसतं झाड होतं हो, त्यात काय एवढं," बायको म्हणाली, आणि बोलल्याबरोबर तिला आपलं बोलणं आवडलं नाही. तिने शिवलेला पडदा दुसऱ्या दिवशी टॉयलेटच्या खिडकीला लावला; माप चुकायचा प्रश्नच नव्हता. टॉयलेट आता फार देखणं दिसू लागलं. उजेड, वारा, दोन्ही बाजूंना चकचकीत दांड्या, मध्ये ऐसपैस मोकळी जागा. नाकापेक्षा मोती जड झाला होता. होईलशेठ आपलं काम बघायला येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकांना आधी तेच दाखवू लागला.

शेवटच्या पाहणीला बाई नव्या चपला घालून आल्या. टाच बरी होती. सगळीकडून खुर्ची फिरली, कुठे खुट्ट झालं नाही. मग त्या डॉक्टरांच्या खोलीत आल्या. तिथे तपासायचा पलंग होता, पलंगाशेजारी व्हीलचेअर लावायची जागा होती, हात धुवायचं बेसिन होतं, पेशंटबरोबर आलेल्या माणसासाठी स्टूल होतं. आणि टेबल होतं. टेबलामुळे व्हीलचेअर पलंगापर्यंत जात नव्हती.

"टेबल काढावं लागेल," बाई हळू म्हणाल्या. त्यांनाही ते बोलवत नव्हतं. "आणि ही मोठी खुर्ची."

"पेशंट मावतो, पेशंटची खुर्ची मावते, बरोबरचा माणूस मावतो," बायको बोटं मोजत म्हणाली. "आणि डॉक्टर?"

बाईंनी नियमांची चोपडी काढली. पुढून पाहिली, मागून पाहिली.

"डॉक्टरांचं माप यात दिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

टेबल निघालं. खुर्ची निघाली. बाईंनी सही केली, आणि दवाखाना पास झाला.

उद्घाटनाच्या दिवशी पहिला आला तो निवृत्त कॅशियर. रस्त्यावरून सरळ आत, बोळातून सरळ टॉयलेटमध्ये. तिथे तो बराच वेळ रमला. मग तपासायच्या खोलीत आला, पलंगाशेजारी खुर्ची लावली आणि कुणाचा हात न धरता पलंगावर सरकला. डॉक्टरांनी उभ्यानेच त्याचं ब्लडप्रेशर मोजलं. वीस वर्षांत ते पहिल्यांदा इतकं कमी आलं होतं.

"झकास झालाय दवाखाना," तो म्हणाला. "कुठे अडलोच नाही. तुमची खोली कुठाय पण?"

"ही काय, हीच," डॉक्टर म्हणाले. कॅशियरने चारही बाजूंना पाहिलं आणि सभ्य माणूस असल्यामुळे विषय बदलला.

त्याला खरंच आनंद झाला होता, आणि तो पाहून डॉक्टरांनाही झाला. पण आनंद झाला म्हणून पाय दुखायचे थांबत नाहीत. अकरापर्यंत ते उभेच होते. कॅशियरनंतर एक, मग आणखी एक. एका पेशंटने बूट आणि मोजे चढवायला घेतले, तेव्हा डॉक्टर त्याला मोकळीक द्यायला बाहेर आले आणि बाकावर जिथे जागा दिसली तिथे बसले. पांढरा कोट आत खुंटीला होता. शेजारी एक आजी गुडघ्याला रुमाल बांधून बसल्या होत्या. त्या या दवाखान्यात पहिल्यांदाच येत होत्या.

आजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. वाकलेली मान, डोळ्यांखाली काळं.

"फार दमलेले दिसता हो," त्या म्हणाल्या. "बराच वेळ झाला का थांबून?"

डॉक्टरांना खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"वीस वर्षं झाली, आजी," ते म्हणाले.

"अगं बाई!" आजींनी कपाळाला हात लावला. "आणि अजून नंबर नाही आला?"

"आला होता. मधेच गेला."

तेवढ्यात बुटांचा माणूस बाहेर आला. आता आजींची पाळी होती. त्यांनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"जा, तुम्ही जा आधी," त्या म्हणाल्या. "माझा गुडघाच तर आहे, कुठे पळून जातोय."

"अहो आजी, मीच..."

"जा म्हणते ना!"

वडीलधाऱ्या माणसाशी वाद घालायची डॉक्टरांना सवय नव्हती. ते उठले, आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. खोलीत कुणीच नव्हतं. बाहेरचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बसायला काही नव्हतं, म्हणून ते पलंगावर बसले. मग जरा पाठ टेकली.

बाहेर पाच मिनिटं गेली, दहा गेली. कोपऱ्यातला एक माणूस घड्याळ बघून वैतागला. "आत कोण गेलंय? आणि डॉक्टर आलेत तरी का?"

"जरा दम धरा की!" आजींनी त्याला झापलं. "आत गेलाय तो बिचारा वीस वर्षं थांबला होता. त्याला वेळ लागणारच."

काउंटरवर बायको बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं, सगळं ऐकलं होतं. ती उठून दारापाशी गेली, कान लावला आणि आतलं घोरणं ऐकून परत जागेवर येऊन बसली.

"खरं आहे आजींचं," ती म्हणाली. "बसा जरा सगळे. डॉक्टरांना यायला थोडा उशीर आहे."