अर्डिसचा निळा

तयार घरं विकणाऱ्या कंपनीच्या ट्रॅव्हिसने रंगांच्या नमुन्यांची पेटी मिटली त्याच क्षणी अर्डिस टोलेफ्सनचं डोकं फिरलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात ते कुणाच्याच चेहऱ्यावर दिसत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

घर कारखान्यात तयार होऊन, दोन तुकड्यांत, ट्रकवरून तळ्याकाठी यायचं होतं. आतलं सगळं ठरलं होतं. उरल्या होत्या बाहेरच्या भिंतींवर ठोकायच्या पट्ट्या, म्हणजे साइडिंग. लग्न झाल्यापासून अर्डिस सासूने निवडलेल्या चॉकलेटी घरात राहत होती. चॉकलेटी भिंती, चॉकलेटी दारं, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा चॉकलेटी. आता एक घर आपलं, आणि ते फिकट निळं, एवढंच तिला हवं होतं.

ट्रॅव्हिसने पहिल्यांदा पुढे केली ती मात्र भलतीच पट्टी. "हा बघा, मॅडम. 'सुगीचं सोनं'. कसा वाटतो?"

रंग थेट शाळेच्या बसचा होता.

"वेगळा आहे हो," अर्डिस म्हणाली.

याहून वाईट शब्द त्या भागात कुणी तोंडावर बोलत नाही. तिचा नवरा व्हर्लिन तर दचकलाच. पण ट्रॅव्हिस टेक्ससचा, नोकरीसाठी नुकताच तिकडे आलेला. त्याला वाटलं, बाई खूश झाल्या.

"की पेटीतला हा फिकट निळा हवा? मुद्दाम मागवावा लागेल, पण मागवतो."

"नको, नको. तुम्हाला कशाला उगाच त्रास."

इथे समोरच्याने पुन्हा विचारायचं असतं. आपण पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, एवढं म्हणताय तर" करत घ्यायचं. कॉफी, केक, सगळं तिथे असंच चालतं. व्हर्लिनने लग्नाचंसुद्धा तिला तीनदा विचारलं होतं. ट्रॅव्हिसने एकदाच विचारलं, मान डोलावली आणि पेटी मिटली.

"निर्लज्ज मेला!" गाडीत बसल्या बसल्या अर्डिस फुटली. "एकदाच विचारतो!"

"फोन करेल गं तो," व्हर्लिन म्हणाला.

फोन आला नाही. अर्डिस कपाटांची दारं आपटू लागली. भांडी घासताना तर ती ट्रॅव्हिसचंच तोंड घासतेय असं वाटे. शेवटी व्हर्लिनने स्वतःच फोन लावला आणि बराच वेळ हवा, मासे, पुन्हा हवा असं बोलत राहिला.

"सांगितलंस?" फोन ठेवल्यावर तिने विचारलं.

"सुचवलं."

"काय सुचवलंस?"

"म्हटलं, इकडचं आकाश किती छान निळं असतं, नाही?"

अर्डिसने ओला फडका त्याच्या दिशेने भिरकावला. मग स्वतःच लिंबाच्या पिवळ्याधमक वड्या केल्या आणि डबा घेऊन ट्रॅव्हिसच्या ऑफिसात गेली. समोर बसलं की तरी पुन्हा विचारेल, असा तिचा हिशेब. ट्रॅव्हिसने वड्या हाणल्या, बोटं चाटली.

"मॅडम, तुम्हाला पिवळ्याचं भारीच वेड दिसतंय!"

"अगंबाई, हो का," अर्डिस हसून म्हणाली. परत येताना तिने स्टीअरिंगवर अशी थाप मारली की हॉर्न वाजला, आणि रस्त्याकडेची एक म्हशीएवढी गाय उधळली.

घर आलं. क्रेनने पहिला तुकडा बांधलेल्या पायावर ठेवला, मग दुसरा. भिंती शाळेच्या बसच्या. दार आणि खिडक्यांच्या चौकटी लिंबासारख्या पिवळ्याजर्द.

"चौकटी आमच्याकडून भेट, मॅडम!" ट्रॅव्हिसचा चेहरा फुलला होता. "आणि साहेबांना आकाश आवडतं ना? म्हणून बाथरूमच्या छताला खिडकी ठेवलीय!"

व्हर्लिन आपल्या बुटांकडे बघत राहिला. नणंद लव्हॉन खास बघायला आली होती. चॉकलेटी घर सोडल्याचा राग तिच्या मनात होताच.

"छान झालं, वहिनी," ती गोड आवाजात म्हणाली. "बर्फात घर हरवायची भीती नाही."

आणि अर्डिसचा बांध फुटला.

"मला आवडत नाही!" क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं. "अजिबात आवडत नाही! किळस येते मला याची! अरे, एकदाच विचारतोस? आईने काही शिकवलं की नाही तुला? 'वेगळा आहे' म्हटलं होतं मी, तुझ्या तोंडावर! आणखी किती शिव्या द्यायच्या माणसाने?"

ट्रॅव्हिसने टोपी काढली. बिचारा खरंच गोंधळला होता.

"मॅडम, आधी सांगायचं ना! पट्ट्याच तर आहेत. उचकटून दुसऱ्या लावू. निळ्या मागवू का?"

सगळे अर्डिसकडे बघू लागले. तिने श्वास घेतला, केस नीट केले, कोटाची बटणं लावली.

"नको, राहू दे," ती म्हणाली. "तुला कशाला उगाच त्रास."

"बरं," म्हणत ट्रॅव्हिसने टोपी घातली.

"निळा!"

कुणाचा आवाज आहे ते आधी कळलंच नाही. लव्हॉनला तर भावाचा असा आवाज ठाऊकच नव्हता. व्हर्लिनचे कान लालबुंद झाले होते.

"निळा आण, गाढवा! तिला निळा हवाय! ती नको म्हणाली तरी आण, पुन्हा नको म्हणाली तरी आण! माझ्या आईच्या रंगात जन्म काढलाय तिने, कळतंय का तुला?"

ट्रॅव्हिस उभ्या उभ्या कारखान्याला फोन लावू लागला.

घरी परतताना गाव जवळ आलं तेव्हा अर्डिस म्हणाली, "परक्या माणसावर ओरडलास. लाज नाही वाटली?"

"वाटली."

"उद्या त्याला केक नेऊन दे."

"देतो."

"आणि निळा कधी येतोय ते विचार. स्पष्ट विचार हं, आकाशबिकाश नको."

"तूच का नाही विचारत?"

"मी?" अर्डिस त्याच्यावर डोळे वटारून म्हणाली. "मी कशी विचारू? ते बरं दिसतं का?"