एका वाक्यात मागितलेली गाडी

शहाण्या माणसाला काय हवंय ते तो कधी बोलत नाही, आणि बोलतो ते त्याला नको असतं. आमच्या खापर गावाचा सगळा कारभार याच पायावर उभा आहे. सुई मागायची तर पाऊसपाण्याचं बोललं की भागतं. चाळणीला पाऊसपाणी, शिवाय सासूची कंबर. कुऱ्हाडीला त्यात कापूस घालावा. बैलगाडी हवी असेल तर समोरच्याच्या आजोबांपासून सुरुवात. (आजोबा दोन असतात, हे विसरू नये.)

शेजारचा हिलाल यातच अडकला. बायको प्रमिलाबाई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली, अक्कलकुव्याला. तिचा निरोप आला, पुनवेपर्यंत गाडी आली नाही तर वर्षभर इथेच राहीन. गाडी हिंमतआबांची. हिलाल तीनदा जाऊन आला आणि तिन्ही वेळा दुसऱ्या आजोबांपर्यंत पोचता पोचता दिवस मावळला.

"सरळ मांगी लेसू," तो म्हणाला.

"सरळ मांगीसन दोरी बी भेटाव नही," मी म्हणालो. पैज लागली. गाडी नाही मिळाली तर हिलालने महिनाभर आमची म्हैस धुवायची, मिळाली तर मी माझ्या ओट्यावर सगळ्या गल्लीला गोड जेवण घालायचं. साक्षीला युसुफ पिंजारी.

हिलाल गेला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "आबा, तुमनी गाडी द्या. अक्कलकुव्याले जानं शे."

हिंमतआबांच्या हातातली चिलीम तशीच राहिली. त्यांचा हिशोब सरळ होता. माणूस एका वाक्यात बोलतो तेव्हा त्याला वेळ नसतो. वेळ नसतो तेव्हा कुणीतरी गेलेलं असतं. कोण गेलं ते एकदम विचारणं बरं दिसत नाही.

"ले जाय, भाऊ," आबा म्हणाले आणि स्वतः बैल जुंपले.

"आबा, काही व्हयनं नही."

"उगी ऱ्हाय. कितलं पोटमा ठेवशी?"

तोवर आबांची कौसाबाई तोंडाला पदर लावून गल्लीत फिरली होती. हिलाल गाडीत चढला तर आत नऊ बाया. अक्कलकुव्याची वेस दिसताच नऊजणींनी रिवाजाप्रमाणे हंबरडा फोडला. तो ऐकून हिलालची सासू धावत आली आणि तीही रडायला लागली. ह्यांना वाटलं त्यांचं गेलं, त्यांना वाटलं ह्यांचं. दोन्ही बाजूंनी एकमेकींचं सांत्वन उत्तम केलं. विचारलं कुणीच नाही.

प्रमिलाबाई गाठोडं न बांधताच गाडीत बसली. घरी येऊन तिने सासू, सासरे, दीर सगळे मोजले, म्हैससुद्धा. सगळे हजर. तिनेही विचारलं नाही. पदर खोचला आणि चूल पेटवली.

हरलो. जेवण घालणं आलं. माझी अक्कल अशी, की मोजदाद न करता जो दिवस धरला तो गाडी गेल्यापासून नेमका तेरावा निघाला. गल्ली सांगितली होती, गाव आलं. एकशे चाळीस पत्रावळी. वरण, बट्टी, शिरा. गावाला तेव्हा उलगडा झाला, की जेवण मी घालतोय म्हणजे गेलेलं माणूस माझं. माणसं खाली मान घालून जेवली. युसुफला सगळं ठाऊक होतं, पण शिरा चांगला झाला होता.

हात धुऊन हिंमतआबा जवळ आले. "व्हयनं ते व्हयनं, भाऊ. पन डोकं नही भादरं तू?" आणि त्यांनी न्हाव्याला हाक मारली.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण एवढं गाव माझ्यासाठी रडलेलं! मी डोकं पुढे केलं. भर ओट्यावर, एकशे चाळीस माणसांसमोर, मिशीसकट सगळं गेलं.

हसा. मागे तुम्हीही कुठेतरी तोंड पाडून बसला होतात, "फार वाईट झालं" म्हणालात आणि शिरा दोनदा घेतलात. गेलेल्याचं नाव सांगा बरं.