एकशे त्रेचाळीस चाकू आणि एक खोकं

घड्याळजींचा फोन आला, तेव्हा पार्सलबाबू खोक्यावर टेपची शेवटची पट्टी अंगठ्याने दाबून बसवत होते.

"बाबू, डॉक्टर लवकर मोकळे झाले," पलीकडून आवाज आला. "तुम्ही बसस्टँडवर कशाला तंगडतोड करता? मीच घरी येतो. गाडी साडेपाचची आहे. तासभर निवांत बघता येईल."

"या, या! वाटच बघतो!" असं म्हणून पार्सलबाबूंनी फोन ठेवला, खोक्याकडे वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

पार्सल ऑफिसात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. त्यांनी बांधलेलं पार्सल वाटेत सुटलं, अशी एक जरी तक्रार आली असती तरी त्यांनी राजीनामा दिला असता. पण ती कधी आलीच नाही. निवृत्त झाल्यावर हा कसबी हात त्यांच्या दुसऱ्या प्रेमाच्या सेवेत रुजू झाला. ते प्रेम म्हणजे चाकू. बाजारात टोपलीत पडलेले नव्हेत. कुठल्याशा पुलाला शंभर वर्षं होतात, कुठलं दीपगृह पन्नाशी गाठतं आणि एखादा कारखाना त्या निमित्ताने मोजून दोनशे-अडीचशे चाकू काढतो, प्रत्येकावर क्रमांक कोरतो आणि साचा मोडून टाकतो. असे एकशे त्रेचाळीस चाकू बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मखमलीवर पहुडलेले होते. त्यांपैकी एकानेही आजवर काही म्हणजे काही कापलं नव्हतं. प्रत्येकाच्या डबीत मिळालेला घडीचा कागदही बाबूंनी कधी उलगडला नव्हता, कारण उलगडला की घडी मऊ पडते. कपाटाला कुलूप होतं आणि वर लाल अक्षरांत पाटी होती : 'सावधान. धारदार.'

"तुमची ती पाती," बायको म्हणायची, "पुसता पुसता माझे हात झिजले."

खोक्यात होता तो एकशे चव्वेचाळिसावा, संग्रहाचा मुकुटमणी. एका जुन्या कारखान्याने स्वतःच्या शताब्दीला काढलेला शिकारी चाकू, सांबरशिंगाच्या मुठीचा, पात्यावर धावतं हरीण कोरलेला. जगात एकूण पन्नास. हा सातवा. आणि आठवा घड्याळजींकडे. तेवढ्या एका ओळखीवर दोघांनी एकोणीस वर्षं पत्रं लिहिली होती, पण गाठभेट झाली नव्हती. आता पुढच्या आठवड्यात घड्याळजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. नंतर कितपत दिसेल, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. "त्याआधी सात नंबर एकदा डोळे भरून बघायचाय," एवढंच त्यांनी मागितलं होतं. म्हणून बाबूंनी चाकू बसस्टँडवर न्यायला बांधला होता. कापूस, मेणकापड, पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर नायलॉनची पट्टी, आणि सगळ्यावर दोरे घातलेली ती टेप, जी हाताने फाडणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

"अगं, सुरी दे गं जरा," बाबूंनी स्वयंपाकघरात शिरत म्हटलं.

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"सकाळीच तर सांगितलं तुम्हाला. सगळ्या सुऱ्या, कात्री, विळी धारवाल्याकडे दिल्यात. संध्याकाळी आणून देणार आहे तो."

"सगळं एकदम?"

"मग काय एकेक देऊ? तुम्ही 'हूं' म्हणालात की!"

सकाळी टेपच्या पट्ट्या कापून झाल्यावर बाबू कापूस कातरत होते, तेव्हा त्यांच्या हातातली कात्री कोणीतरी काढून घेतल्याचं त्यांना आता पुसटसं आठवलं.

इतक्यात बेल वाजली. घड्याळजी किडकिडीत, पांढरे केस, खिशाला भिंग अडकवलेलं, असे दारात हसत उभे होते. दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. एकोणीस वर्षांच्या पत्रांनी जे सांगितलं नव्हतं, ते त्या हातांनी सांगितलं. पण घड्याळजींचे डोळे खोलीभर सात नंबर शोधत होते.

"आधी चहा," बाबू घाईघाईने म्हणाले. "तोवर कपाट बघा. अगं, दाखव जरा यांना. मी आलोच!"

खोकं बगलेत मारून ते मागच्या दाराने थेट शेजारच्या टेलरमास्तरांकडे पोचले.

"मास्तर, कात्री द्या दोन मिनिटं."

मास्तरांनी चष्म्यावरून आधी खोकं बघितलं, मग टेप बघितली. "कशाला? याला?"

"एकदाच चालवायचीय हो."

"बाबू, या कात्रीने मी कागदसुद्धा कापत नाही. कापडाशिवाय हिला काही माहीत नाही. वडिलांची कात्री आहे. तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्ही तर स्वतः जाणकार!"

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर बाबूंनी त्याला शाबासकीच दिली असती. ते परत फिरले आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन कामाला लागले. आधी किल्ली चालवून पाहिली. किल्ली वाकली. मग दात लावले. टेप जागची हलली नाही, मात्र पुढच्या दातावरची टोपी हलली. मग गॅस पेटवून खोक्याचा कोपरा जाळावर धरला. नायलॉन चुर्र करून वितळलं, धूर झाला, आणि आत सांबरशिंग आहे हे आठवून बाबूंनी घाबरून फुंकर मारली. वितळलेली पट्टी टेपला चिकटून दगडासारखी घट्ट झाली.

"अहो, काय जळतंय?" बायकोने बाहेरून विचारलं.

"चहा!" बाबू ओरडले.

मग ते दाराशी क्षणभर थबकले, कारण बाहेर बायको बोलत होती.

"हा दीपगृहाचा, भाऊजी. अडीचशेतला एकोणऐंशी. मुठीत खरा शिंपला बसवलाय, उजेडात फिरवून बघा, कसा रंग बदलतो! आणि हा पुलाचा. त्या जुन्या पुलाचंच लोखंड वितळवून पातं केलंय याचं. हा एवढासा साबणाच्या कारखान्याचा, एकशे बारा नंबर. तसा काही दुर्मिळ नाही, पण काय गोड आहे बघा."

"वहिनी, तुम्हाला सगळे पाठ आहेत!"

"पुसते कोण?"

बाबूंना गहिवरून आलं. पण घड्याळात पाच वाजले होते. आता एकच उपाय उरला होता. ते खोकं घेऊन बाहेर आले, टेबलावर ठेवलं आणि गुन्हा कबूल करावा तसं सगळं सांगून टाकलं.

"किल्ली दे," ते शेवटी बायकोला म्हणाले. "यांतला एक बळी द्यावा लागणार."

"बाबू, नको," घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही ज्यासाठी आलात, ते बघितल्याशिवाय जायचं नाही. माझ्याच्याने बघवणार नाही ते."

पुलाच्या चाकूवरून त्यांचा हात मागे आला, दीपगृहाच्या चाकूवरून मागे आला. शेवटी त्यांनी साबणवाला एकशे बारा उचलला, डोळे मिटले आणि पातं टेपवर ओढलं. पातं घसरलं. पुन्हा जोर लावला. टेपवर ओरखडासुद्धा नाही. त्यांनी चक्रावून दीपगृह उचललं. तेही घसरलं. मग पूल. पूल तर टेपवरून असा सरकला, की बाबूंनी न राहवून धारेवर स्वतःचा अंगठा फिरवला. अंगठा जसाच्या तसा.

"धारच नाही?" बायकोने विचारलं. "कशालाच?"

घड्याळजींनी कपाटातल्या एका डबीतला कागद उचलून अलगद उलगडला आणि भिंगातून तळाची ओळ वाचली. "'संग्राहकांसाठी. पात्यास धार लावलेली नाही.' वाचलं नव्हतंत?"

"घडी मोडली असती," बाबू पुटपुटले.

"अहो, बावीस वर्षं!" बायकोने कपाळाला हात लावला. "बावीस वर्षं तुम्ही नातवंडांना या कपाटाजवळ फिरकू दिलं नाहीत! मी हातमोजे घालून पुसत आले!" आणि ती जी हसत सुटली, ती खुर्चीतच बसली. बाबूंना हसावं की रडावं कळेना. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि खोकं तसंच होतं.

घड्याळजी मात्र हसत नव्हते. ते जरा ओशाळून खिशात हात घालत होते. "बाबू, एक गोष्ट मी तुम्हाला कधी लिहिली नाही. लिहायची लाजच वाटली." त्यांनी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, उघडलं आणि टेपवर एकदा फिरवलं. टेप, नायलॉन आणि पुठ्ठा एका दमात कापले गेले.

"हा आठ नंबर," ते म्हणाले.

बाबू बघतच राहिले. पातं झिजून निम्मं झालं होतं. मूठ तळहाताच्या घामाने काळी, गुळगुळीत झाली होती.

"कारखान्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ मी दुरुस्त केलं, म्हणून दिला होता त्यांनी. आमच्या हिला म्हटलं, जपून ठेवू. ती म्हणाली, जपायला मी आहे की, तुम्ही वापरा. मग पहिल्याच दिवशी दगडावर घासला. घड्याळांचे पट्टे, पेन्सिली, फळं, दोऱ्या, सगळं यानेच कापलं. ती गेली, तरी सवय गेली नाही. तुम्ही पत्रात इतकं जीव लावून लिहायचात, मला कसं सांगवणार?"

बाबूंनी मेणकापड सोडवलं, कापूस बाजूला केला आणि सात नंबर आठ नंबरच्या शेजारी ठेवला. लखलखीत पात्यावर हरीण धावत होतं. घड्याळजी भिंग लावून वाकले. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

"याला पाय आहेत," ते हळूच म्हणाले. "चार. माझ्या हरणाचे कधीच झिजले. मी विसरूनच गेलो होतो. तिने डबी उघडली, तेव्हा हे असं दिसत होतं."

सात नंबरची कोणी इतकी तारीफ केल्याचं बाबूंना आठवत नव्हतं, आणि तरी त्यांची स्वतःची नजर पुन्हा पुन्हा त्या झिजलेल्या आठ नंबरवरच जात होती. असा देखणा चाकू आपल्या कपाटात एकही नाही, हे त्यांना मनोमन पटलं.

घड्याळजींना साडेपाचची गाडी मिळाली. जाताना ते म्हणाले, "ऑपरेशन झालं की पुन्हा येतो. तोवर हा बांधून ठेवू नका म्हणजे झालं."

संध्याकाळी धारवाला सुऱ्या घेऊन आला. बाबू त्याच्यासमोर मागे हात बांधून घुटमळले आणि मग त्यांनी हळूच एकशे बारा नंबर पुढे केला. "याला पण लाव जरा."

"खबरदार!" बायको आतून धावत आली आणि तिने चाकू त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. "साबणवाला आहे तो! तुम्हाला काही कापायचं असेल तर या घ्या सुऱ्या. आपल्या चाकूंना कोणी हात लावायचा नाही."

आपल्या. बाबू ओसरीवरच उभे राहिले. आतमध्ये बायको एकशे बारा नंबरला पुसून मखमलीवर ठेवत होती, हातमोजे न घालता.