व्हर्लिनला स्पष्ट दिसू लागलं

मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालं असं डॉक्टर म्हणाले. पण व्हर्लिन हाउगननं घरी येऊन कॅमेरा डोळ्याला लावला आणि तो मटकन खुर्चीत बसला.

"मेलो! सगळं धुरकट दिसतंय. डॉक्टरनं डोळा घालवला माझा."

"मघाशी गाडीतून लांबच्या शेतातलं हरीण दाखवलंस, ते कुठल्या डोळ्यानं?" त्याच्या बायकोनं, आर्डिसनं विचारलं.

व्हर्लिन घाबरला यात नवल नव्हतं. रविवारी चर्चच्या फोटो-पुस्तकासाठी सगळ्या मंडळींचे फोटो काढायचे होते आणि गावात हे काम वर्षानुवर्षं त्याचंच. आपोआप फोकस होण्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. चष्मा काढायचा, व्ह्यूफाइंडरला डोळा चिकटवायचा आणि हातानं भिंग फिरवायचं. बायका त्याच्या फोटोंवर जीव टाकत. शहरातला स्टुडिओ फुकट यायला तयार होता, तरी त्यांनी स्टुडिओवाल्यांना दारात उभं केलं नव्हतं. हे काम गेलं असतं, तर मिनेसोटाच्या हिवाळ्यात व्हर्लिनला बर्फ उपसण्याखेरीज काही उरलं नसतं.

आर्डिसनं कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. "व्ह्यूफाइंडरच्या शेजारी हे बारीक चाक कसलं?"

"ते होय? शोभेचं."

तिनं ते फिरवलं आणि कॅमेरा त्याच्या डोळ्याला टेकवला.

"आर्डिस! भिंतीवरची माशी दिसतेय! तिचे पायसुद्धा!"

"डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं असतं ते, गाढवा. तुझं जुन्या नंबरावरच अडकलं होतं."

रविवारी व्हर्लिननं जीव ओतून फोटो काढले. पुढच्या रविवारी ते प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या टेबलामागच्या फळ्यावर लागले आणि चर्चच्या हॉलमधली कुजबुज थांबली. आपला चेहरा इतका स्पष्ट आमच्या मंडळींनी आरशातसुद्धा पाहिला नव्हता. सुरकुत्या तर होत्याच, हनुवटीवरचे केसही मोजता येत होते.

आमच्याकडे तोंडावर कोणी कोणाला वाईट म्हणत नाही. कॉफी-समितीची अध्यक्ष मार्लिस ट्वाइट स्वतःच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. "वेगळाच आलाय हो," ती म्हणाली. आमच्या गावात ही शिवी समजतात.

"माझाही वेगळाच," तिची जन्माची मैत्रीण आणि तितकीच जुनी वैरीण बर्निस ओकरलंड म्हणाली. "तुझा मात्र अगदी हुबेहूब आलाय, मार्लिस."

मार्लिस गोड हसली, म्हणजे फारच चिडली. "व्हर्लिन, डोळ्यांना जरा आराम दे बाबा. यंदा तो स्टुडिओच बोलावू. तुझ्याच तब्येतीसाठी म्हणतेय हो."

घरी येऊन व्हर्लिननं जुनं पुस्तक आणि नवे फोटो शेजारी ठेवले आणि त्याचा चेहरा पडला.

"आर्डिस, गेली कित्येक वर्षं मी चक्क आंधळ्यासारखे फोटो काढत होतो."

"आणि बायका खूश होत्या. फिरव ते चाक परत!"

'तेव्हा ऑपरेशन ताजं होतं' अशी सबब सांगून व्हर्लिननं सगळ्यांना पुन्हा बसवलं. आता व्ह्यूफाइंडरमधून त्याला नुसते रंगीत ढग दिसत होते.

"मार्लिस, हनुवटी जरा वर. छान! हस की आता."

"व्हर्लिन, तो कोट टांगलाय. मी इकडे आहे."

फोटो लोण्यासारखे मऊ आले. "डोळा अगदी सुधारला हो तुझा!" म्हणून बायकांनी त्याची पाठ थोपटली, स्टुडिओचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि जिला तिला त्या डॉक्टरचा नंबर हवा झाला. पहिला नंबर मार्लिसनं लावला.

पुस्तक छापायला जायच्या आदल्या दिवशी ती नव्या डोळ्यांनिशी व्हर्लिनच्या दारात उभी राहिली. हातात पुस्तकाची कच्ची प्रत होती.

"व्हर्लिन, हा माझा फोटो धुरकट आहे."

आर्डिसनं घाईघाईनं लेमन बारची, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांची, बशी पुढे केली.

"मी एकटीच धुरकट, की सगळ्याच?"

"सगळ्याच," व्हर्लिन पुटपुटला.

मार्लिसनं एक लेमन बार सावकाश संपवला, बोटं पुसली आणि प्रतीची पानं उलटत बर्निसच्या फोटोपाशी थांबली.

"हिचं ऑपरेशन कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"आणि हिचा तो आधीचा, स्पष्ट आलेला फोटो आहे ना अजून तुझ्याकडे?"

"आहे की."

"मग माझा राहू दे असाच," मार्लिस म्हणाली. "बर्निसचा तेवढा आधीचा घाल."